१९६९मध्ये पहिला नंबर चौघींचा कसा? लेनी क्यूरचं गाणं आणि एक अजब मतमोजणी

युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या विजेत्यांची यादी चाळताना १९६९ या सालापाशी नजर अडखळते. २०२०ची स्पर्धा रद्द झाली, ते वर्ष सोडलं तर बाकी प्रत्येक सालापुढे एकाच देशाचं नाव आहे. १९६९पुढे चार आहेत: स्पेनची सालोमे, ब्रिटनची लुलू, नेदरलँड्सची लेनी क्यूर आणि फ्रान्सची फ्रिदा बोकारा. चौघींना मतंही सारखीच, १८. ती यादी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कुणाची तरी लिहिताना चूक झाली असं धरून चाललो होतो. चूक नव्हती. चौघीही खरोखरच पहिल्या आल्या होत्या.

हे घडलं कसं, हा एक प्रश्न. मला त्याहून जवळचा वाटतो तो दुसरा. त्या चौघींत एक एकोणीस वर्षांची, गिटारवर गाणारी मुलगी होती. तिनं स्वतः चाल बांधलेल्या गाण्यात मध्ययुगातल्या एका गायकाची जन्मापासून नव्हे, पण मैफलीपासून मरणापर्यंतची गोष्ट होती. दूरचित्रवाणीवरच्या झगमगत्या स्पर्धेत असं गाणं पहिलं येतं तेव्हा त्यात ऐकण्यासारखं काहीतरी असतं. पण ‘चौघींत वाटलेला विजय’ एवढीच ओळख त्याला चिकटली आणि गाणं मागे पडलं. म्हणून आधी हिशेब उलगडू, मग गाण्याकडे येऊ.

## स्पर्धा नेमकी काय होती?

युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेनं १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात ही स्पर्धा सुरू केली. प्रत्येक देशानं एक नवं गाणं पाठवायचं, सगळ्यांनी ते एकाच रात्री थेट प्रक्षेपणात ऐकायचं, आणि प्रत्येक देशातल्या परीक्षकांनी मतं द्यायची. आपल्याच देशाच्या गाण्याला मत देता येत नाही, हा मुख्य नियम. १९६६पासून आणखी एक नियम आला होता: गाणं आपल्या देशाच्या भाषेतच हवं. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६८ची स्पर्धा स्पेननं जिंकली होती, तीही ब्रिटनच्या पुढे अवघ्या एका मतानं. स्पेनला २९, ब्रिटनला २८. त्यामुळे पुढची स्पर्धा हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतल्या माद्रिदला गेली. २९ मार्च १९६९, तेआत्रो रिआल हे नाट्यगृह, १६ देश.

## दहा परीक्षक, एकेक चिठ्ठी

एका मोठ्या गृहसंकुलात गणेशोत्सवात पाककृती स्पर्धा ठेवली आहे असं समजा. १६ इमारती, प्रत्येक इमारतीचा एक पदार्थ. प्रत्येक इमारतीनं दहा चाखणारे बसवायचे. प्रत्येकानं बाकीचे पंधरा पदार्थ चाखायचे आणि एकाच पदार्थाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. दुसरी पसंती, तिसरी पसंती असं काही नाही. शेवटी सगळ्या चिठ्ठ्या मोजायच्या.

१९६९ची पद्धत हुबेहूब अशी होती. १६ देश, प्रत्येकी १० परीक्षक, म्हणजे एकूण १६० मतं. ती १६ गाण्यांत वाटली तर सरासरी दहा पडते. आता प्रत्यक्ष निकाल पाहा. चार गाण्यांना १८, स्वित्झर्लंडला १३, मोनॅकोला ११, आयर्लंड आणि बेल्जियमला दहा-दहा, अशी उतरंड लागत लागत शेवटी नॉर्वेला १.

एका गाण्याला जास्तीत जास्त किती मतं मिळू शकली असती? बाकीचे १५ देश, प्रत्येकी १०, म्हणजे १५०. पहिल्या आलेल्या प्रत्येक गाण्याला त्यातली १८, म्हणजे शंभरात बारा. चौघींची मिळून ७२. उरलेली ८८ मतं, निम्म्याहून अधिक, बाकीच्या बारा गाण्यांत विखुरलेली. थोडक्यात, त्या रात्री युरोपाचं एका गाण्यावर एकमत झालंच नव्हतं.

आकडे इतके लहान असले की बरोबरी होणं फार दूरचं नसतं. बाकी गाण्यांना मत देणाऱ्या एका परीक्षकानं पेन टेकवण्याआधी मन बदलून या चौघींपैकी एकीचं नाव लिहिलं असतं, तर चारऐवजी एकच विजेती उरली असती. आदल्या वर्षीच्या त्या एका मताच्या फरकानं धोक्याची सूचना दिलेली होती, पण पद्धत तीच राहिली.

या पद्धतीचा आणखी एक दोष पाककृती स्पर्धेत चटकन दिसतो. समजा, एखादी अळूवडी सगळ्यांनाच दुसऱ्या क्रमांकाची वाटली. तिला किती चिठ्ठ्या मिळतील? शून्य. आणि पाच-दहा जणांना जीव की प्राण वाटलेला, बाकीच्यांनी तोंडही न लावलेला पदार्थ तिच्या कितीतरी पुढे जाईल. १९७५पासून युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना क्रमानं १२, १०, ८ आणि मग ७पासून १पर्यंत गुण देऊ लागला, तो हा दोष भरून काढणारा बदल होता. योगायोग असा की त्या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी नेदरलँड्स जिंकलं.

## बरोबरी झाली तर चिठ्ठी का नाही टाकली?

हा प्रश्न मराठी वाचकाला लगेच पडेल, कारण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समान मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात हे आपण दर वेळी वर्तमानपत्रात वाचतो. माद्रिदच्या नियमावलीत बरोबरीबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या देशाची, फिनलंडची, मतं आली आणि फलकावर चार ठिकाणी १८ दिसले. निवेदिकेनं मतमोजणीच्या निरीक्षकांकडे खुलासा मागितला. उत्तर आलं: विजेत्या चार. मग चौघींनी आपापलं गाणं पुन्हा गायलं.

दैवाचा कौल घ्यायची वेळ आली ती नंतर. पुढची स्पर्धा कुठे भरवायची? आदल्या दोन वर्षांत ब्रिटन आणि स्पेन यांनी एकेकदा यजमानपद केलं होतं, म्हणून उरले फ्रान्स आणि नेदरलँड्स. त्यांच्यातला निर्णय नशिबावर सोपवला आणि कौल आम्स्टरडॅमला मिळाला. १९७०ची ती स्पर्धा अगदी आटोपशीर झाली. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि पोर्तुगाल आले नाहीत. १९६९च्या निकालाची आणि मतदान पद्धतीची नाराजी हे त्यामागचं एक कारण होतं. उरले १२ देश.

बरोबरी सोडवायचा नियमही त्याच वर्षी आला: समान मतं पडलेल्यांनी पुन्हा गायचं आणि परीक्षकांनी हात वर करून निवड करायची. पुढे नियम बदलत गेले. १९९१मध्ये स्वीडन आणि फ्रान्स दोघांना १४६ गुण पडले. तेव्हा १२ गुण कुणाला जास्त वेळा मिळाले हे पाहिलं; तेही समान. मग १० गुण कुणाला जास्त वेळा मिळाले ते मोजलं आणि स्वीडनला विजयी ठरवलं.

इथे जरा थांबावंसं वाटतं. ‘बरोबरी कशी सोडवायची’ हा गणिताचा प्रश्न वाटतो, पण तो आवडीनिवडीचा आहे. जास्त देशांना थोडंथोडं आवडलेलं गाणं श्रेष्ठ, की कमी देशांना खूप आवडलेलं? पुन्हा ऐकल्यावर टिकणारं श्रेष्ठ, की पहिल्यांदाच मनात घुसणारं? प्रत्येक नियम यातल्या एका बाजूनं आधीच झुकलेला असतो. १९६९ला नियम नव्हता, म्हणून कुणाच्याच बाजूनं झुकता आलं नाही.

## म्हणजे हा पाव हिश्शाचा विजय?

असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मतं चौघींत वाटून दिली गेली नव्हती. प्रत्येकीनं आपली १८ मतं स्वतंत्र मिळवली होती. तीन गाणी पुसून टाकली तरी लेनी क्यूरच्या नावापुढचे १८ तसेच राहतात. एखाद्या वर्गात चार मुलांना ९२ गुण पडले तर आपण प्रत्येकाला २३ पडले असं म्हणत नाही.

## शान्सों, लोकगीत आणि ‘ऐकायचं गाणं’

आता गाण्याकडे. लेनी क्यूरचा जन्म २२ फेब्रुवारी १९५०चा, दक्षिण नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरातला. तिच्या गाण्याचं वर्णन करताना दोन शब्द हमखास येतात: शान्सों आणि फोक.

शान्सों या फ्रेंच शब्दाचा साधा अर्थ ‘गाणं’. पण फ्रान्सबाहेर तो एका खास प्रकारासाठी वापरतात, जिथे शब्द पुढे चालतात आणि चाल त्यांचं बोट धरते. गाणारा सहसा एखादी गोष्ट सांगतो, एखादं माणूस उभं करतो. फ्रान्सचा जॉर्ज ब्रासॅन्स एक गिटार आणि साथीला एक डबल बास एवढ्यावर हे करायचा. बेल्जियमचा जाक ब्रेल तेच अंग घामानं निथळेपर्यंत करायचा.

फोक म्हणजे लोकसंगीत. पण साठच्या दशकात त्याला वेगळा अर्थ आला. अमेरिकेतून तरुणांची एक लाट उठली: साधी गिटार, जुन्या लोकगीतांसारखी कडव्या-कडव्यांची रचना, आणि आजचं सांगणं. नेदरलँड्सला या दोन्ही वाऱ्यांची झुळूक लागली, एक दक्षिणेकडून, एक समुद्रापलीकडून. बाउदेवाइन दे ख्रोटनं १९६६मध्ये व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून गायलेलं गाणं याच काळातलं.

डच भाषेत अशा गाण्याला एक सुरेख शब्द आहे: लाउस्टरलीट. शब्दशः ‘ऐकायचं गाणं’. गाणं तर सगळंच ऐकायचं असतं, मग हे वेगळं कशासाठी? कारण काही गाणी नाचायची असतात, काही सगळ्यांनी मिळून म्हणायची. त्यांचाच आणखी एक लाडका प्रकार आहे, लेव्हन्सलीट, म्हणजे ‘जीवनगीत’: अॅकॉर्डियन, आईची आठवण, फसलेलं प्रेम, आणि गुत्त्यात गळ्यात गळे घालून म्हटलेलं धृपद. लाउस्टरलीट ऐकताना मात्र गप्प बसायचं असतं, कारण एक ओळ चुकली तर पुढची कळत नाही. आपल्याकडे भावगीत ऐकताना घरातली मोठी माणसं पोरांना ‘श्शू’ करायची, तशीच ही अपेक्षा.

## त्या गाण्यात काय आहे?

गाण्याचं नाव ‘दे त्रुबादूर’, म्हणजे मध्ययुगातला कवी-गायक. शब्द डेव्हिड हार्टसेमाचे, चाल लेनी क्यूरची. गोष्ट अगदी साधी. एक फिरता गायक, संगीतानं काठोकाठ भरलेला. तो किल्ल्याच्या उंच दालनात सरदारांना रक्ताळलेल्या पराक्रमाची लांबलचक कथा ऐकवतो. रात्री स्वयंपाकघरातल्या विस्तवाशेजारी राबणाऱ्या माणसांना साहसाची गाणी म्हणून दाखवतो. शहरातल्या सराईत दारूची गाणी गातो. ज्याला जे हवं ते देतो. कुणाला हसवतो, कुणाला उदास करतो. आयुष्यभर असं गातो आणि मग, मरण जसं सगळ्यांना येतं, तसं त्यालाही येतं.

बांधणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक कडव्यात तीन ओळी, तिन्हींना एकच यमक, आणि चौथ्या जागी दर वेळी तोच शब्द: ‘दे त्रुबादूर’. आपल्या पालुपदासारखाच. दोन-तीन कडवी झाली की कान त्या शब्दाची वाट पाहू लागतो. सरदार ऐकून झाले, तो आला. विस्तव विझत आला, तो आला. सराईत पेले आपटले, तो आला.

मग गायक मरतो. गाणं संपलं, शांतता पसरली, उरली थोडी माती, असं सांगणारं कडवं येतं. आणि त्याच्या शेवटी तो शब्द येत नाही. यमकाची घडीही मोडते. त्याच्या गाण्यानं ज्यांना दिलासा मिळाला ते त्याला विसरत नाहीत, एवढं म्हणून कडवं संपतं. माणूस गेल्याचं आधी सांगितलेलं असतंच, पण ते जाणवतं इथे, त्या रिकाम्या जागेत. पाठोपाठ पहिलं कडवं जसंच्या तसं परत येतं, आणि त्याच्याबरोबर तो शब्द. तेव्हा तो आठवण म्हणून आलेला असतो.

हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा गाणं थांबवून पुन्हा मागे नेलं होतं. कुठल्याही विशेषणाशिवाय, नुसती एक जागा रिकामी ठेवून मृत्यू दाखवणं ही कारागिरी आहे.

## पण परीक्षकांना डच कुठे येत होतं?

रास्त शंका. शब्दप्रधान गाणं, आणि माद्रिदपासून हेलसिंकीपर्यंत बहुतेक परीक्षकांना डच कळत नव्हती. सगळी गाणी आपापल्या भाषेत असल्यामुळे ही अडचण सगळ्यांचीच होती. म्हणूनच त्या काळात अनेक गाण्यांचे मुखडे ला-ला, बूम-बँग अशा कुठल्याच भाषेत नसलेल्या आवाजांवर उभे असत. त्याच वर्षी ब्रिटनचं विजेतं गाणं नेमकं याच धर्तीचं होतं.

मला वाटतं, डच गाण्यानं वेगळा रस्ता काढला. त्याचा टेकू असलेला एकच शब्द युरोपभर ओळखीचा आहे. फ्रेंच आणि इंग्रजीत तो जवळपास तसाच, स्पॅनिशमध्ये त्रोवादोर, इटालियनमध्ये त्रोवातोरे, स्वीडिशमध्ये त्रुबादूर. बाकी काही न कळलेल्या माणसालाही हे कुणाबद्दल चाललंय ते कळतं. तो शब्द परत परत येतो हे कळतं. आणि तो एकदा येत नाही, हेही कळतं.

## खरे त्रुबादूर असेच होते का?

पूर्णपणे नाही, आणि हा फरक जाणून घ्यायला मजा येते. त्रुबादूर हे बाराव्या-तेराव्या शतकातले दक्षिण फ्रान्सकडचे कवी. त्यांची भाषा ऑक्सितान. त्या भाषेतल्या ‘त्रोबार’ या क्रियापदाचा अर्थ शोधणं, रचना करणं. त्रुबादूर म्हणजे गाणं शोधून काढणारा. त्यांतला ज्याच्या रचना आज हाताशी आहेत असा सर्वांत जुना कवी अॅक्विटेनचा सरदार नववा विल्यम, म्हणजे स्वतःच किल्ल्याचा धनी. गावोगाव हिंडून, मिळेल त्या अंगणात गाणारा वेगळा असे. त्याला जोगलार म्हणत. अनेकदा एकानं रचायचं आणि दुसऱ्यानं गात फिरायचं. गाण्यातला माणूस या दोघांना एकत्र करून घडवलेला आहे.

या कवींमध्ये स्त्रियाही होत्या. त्यांना त्रोबाइरित्स म्हणत. त्यांची काही काव्यं उरली आहेत, पण चालीसकट हाती आलेलं गाणं एकच: दिया परगण्याच्या काउंटेसचं. बाकी सगळ्यांचे सूर हवेत विरले. एकोणीस वर्षांच्या मुलीनं स्वतःची चाल घेऊन त्रुबादूरचं गाणं गावं, याचं मोल मला त्या एका उरलेल्या चालीमुळे जास्त जाणवतं.

## शब्द दुसऱ्याचे, मग ती ‘स्वतःची गाणी गाणारी’ कशी?

काटेकोर व्याख्या लावली तर शब्द, चाल आणि गळा तिन्ही एकाचंच हवं. डच परंपरा मात्र इतकी काटेकोर नाही. बाउदेवाइन दे ख्रोटच्या गाजलेल्या गाण्यांपैकी पुष्कळ गाण्यांचे शब्द त्याच्या मित्राचे, लेनार्ट नाइखचे आहेत. तरी ती गाणी दे ख्रोटची म्हणूनच ओळखली जातात, आणि नाइखचं नावही कुणी गाळत नाही. पाहायचं एवढंच की गाणारा माणूस गाणं घडताना आत होता की तयार गाणं हातात घेऊन उभा राहिला. चाल बांधणारी आत असतेच. शब्दांतली ती रिकामी जागा चालीनं सांभाळली नसती तर कुणाच्या लक्षातही आली नसती.

## पुढे काय झालं?

स्पर्धा जिंकलेले अनेक जण वर्ष-दोन वर्षांत विसरले जातात. लेनी क्यूर गात राहिली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिला फ्रान्समध्ये मोठा श्रोता मिळाला. ज्या जॉर्ज ब्रासॅन्सचं नाव वर आलं, त्याच्या मैफलींत त्याच्या आधी ती गायली. शान्सोंच्या घरात जाऊन शान्सों ऐकवणं ही परीक्षा माद्रिदपेक्षा अवघड म्हणावी लागेल. १९८०मध्ये फ्रेंच मुलांच्या ‘ले पॉपी’ या गायकवृंदाबरोबरचं तिचं ‘विझीते’ हे गाणं नेदरलँड्समध्ये खूप गाजलं.

२०१९मध्ये डंकन लॉरेन्स ४९८ गुणांनी जिंकला आणि स्पर्धा पुन्हा नेदरलँड्सकडे आली. साथीमुळे एक वर्ष वाट पाहावी लागली. २०२१च्या मे महिन्यात रॉटरडॅममध्ये अंतिम फेरी झाली, तेव्हा मतमोजणी सुरू असताना जुन्या विजेत्यांना शहरातल्या उंच इमारतींच्या गच्च्यांवरून गाताना दाखवलं. त्यांत लेनी क्यूर होती, ७१ वर्षांची. तिनं तेच गाणं गायलं.